दोन कंपन्यांच्या दोन लिंक, तरी दोन्ही एकदम पडल्या. मार्ग खरंच वेगळा आहे हे तपासायचं कसं?

मरोळ_आयटी

नमस्कार मंडळी. अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये आमचं कस्टम्स क्लिअरिंगचं ऑफिस आहे, तिथलं आयटी मी बघते. सर्व्हर नवी मुंबईत महापेच्या एका कोलोमध्ये (भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये) आहेत. ऑफिस ते महापे अशा दोन पॉइंट-टू-पॉइंट लिंक, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एक १०० एमबीची आणि एक ५० ची. मागच्या आठवड्यात भर दुपारी दोन्ही गेल्या. फायरवॉलच्या लॉगमध्ये दोन्ही डाउन झाल्याच्या नोंदी लागोपाठच्या ओळींवर आहेत. परत आल्या त्या रात्री, त्याही एकामागून एक.

न्हावा शेव्याला जहाज लागत होतं आणि बिल ऑफ एंट्री (आयात मालाची कस्टम्सकडची नोंद) भरायच्या बाकी होत्या. कस्टम्सचं पोर्टल आइसगेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उघडत होतं, पण इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सगळे कागद महापेच्या सर्व्हरवर. पोरं पार्टीला फोन करून व्हॉट्सॲपवर परत मागवत बसली होती.

दोन्ही कंपन्यांच्या आरएफओमध्ये (लिंक का पडली त्या अहवालात) एकच वाक्य: थर्ड पार्टीच्या रस्ता खोदाईत फायबर कट. दोन्हीकडचे सेल्सवाले मात्र ठामपणे सांगतात की आमचा मार्ग स्वतंत्र आहे. साहेब म्हणतात तिसरी लिंक घेऊन टाक. पण तीही त्याच खड्ड्यातून येणार असेल तर काय उपयोग? पैसे मागण्याआधी मला हे नीट समजून घ्यायचंय. कुठून सुरुवात करू?

खाडीपलीकडचा

ताई, तिसरी लिंक आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे दोन बिलं येतात एवढंच आत्ता सिद्ध झालंय. दोन रस्ते आहेत हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

मी बरीच वर्षं नवी मुंबईत नेटवर्क ऑपरेशन्समध्ये आहे. कट होतात, होणारच, शहरात जिथे बघाल तिथे रस्ता उकरलेला आहे. मला राग येतो तो वेगळाच. ग्राहक दुप्पट पैसे देतो आणि त्याला एकच रस्ता दोनदा विकला जातो. यात दरवेळी कुणी खोटं बोलत असतं असंही नाही. सेल्सवाल्याला खरंच माहीत नसतं. त्याची कंपनी शेवटचा टप्पा तिसऱ्याच कुणाकडून डार्क फायबर (आधीच टाकलेली, न वापरलेली फायबर) म्हणून भाड्याने घेते, आणि तुमची दुसरी कंपनीही त्याच तिसऱ्याकडून घेते. कधी केबल दोन असतात पण खंदक एक, शेजारी-शेजारी टाकलेले प्लास्टिकचे एचडीपीई पाइप. जेसीबीचा दात सगळ्यांवर एकदमच बसतो.

आता भूगोल बघा. मरोळहून महापेला जायचं म्हणजे ठाण्याची खाडी ओलांडणं आलंच, आणि ओलांडायच्या जागा मोजक्या. वाशीकडचे रस्त्याचे आणि रेल्वेचे पूल, मुलुंड-ऐरोलीचा पूल, नाहीतर वर ठाणे-कळव्याकडून वळसा. दक्षिणेला शिवडीहून निघणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, पण तुमच्यासाठी तो उलट्या दिशेला. म्हणून दोन्ही कंपन्यांना पहिला प्रश्न हाच करा: तुमची फायबर खाडी कुठे ओलांडते? ज्याला याचं उत्तर देता येत नाही त्याला पुढचं काही विचारण्यात वेळ घालवू नका, त्याच्या वरच्या माणसाला गाठा.

दुसरा प्रश्न खाडीच्या अलीकडचा. एक लिंक जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) विक्रोळी-कांजूरकडे जात असेल आणि दुसरी साकीनाक्यावरून घाटकोपर-मानखुर्दकडे, तर छान. दोन्ही जेव्हीएलआरनेच असतील तर तिथे मेट्रो ६ चं काम चालू आहे, हे लक्षात ठेवा.

पुरावा म्हणून दोघांकडून केएमझेड फाइल, म्हणजे गुगल अर्थमध्ये उघडणारा मार्गाचा नकाशा मागा. 'ॲज-बिल्ट', म्हणजे प्रत्यक्षात टाकली तशी हवी असं लिहूनच मागा, नाहीतर प्लॅनिंगच्या वेळची सुंदर रेघ पाठवतात. गुगल अर्थमध्ये दोन्ही एकावर एक टाका. पण तेवढ्यावर थांबू नका. ऑफिसपासूनचा पहिला एखादा किलोमीटर स्वतः चालून बघा. चेंबरच्या झाकणावर, फूटपाथकडेच्या मार्करवर कंपनीचं नाव असतं. केएमझेडमधली रेघ एका फूटपाथने जाते आणि चेंबर दुसऱ्याच गल्लीत, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

मागच्या कटचा ओटीडीआर ट्रेसही मागा, दोघांकडून. ओटीडीआर फायबरमध्ये प्रकाशाचा पल्स सोडतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून तूट किती अंतरावर आहे ते दाखवतो. दोन्ही ट्रेस तुमच्या इमारतीकडून घेतलेले असतील आणि दोन्हीत रेघ जवळपास त्याच अंतरावर कोसळत असेल, तर वाद तिथेच मिटतो. फक्त ट्रेस कुठल्या टोकाकडून घेतलाय ते विचारा. एक मरोळहून आणि एक महापेहून घेतलेला असेल तर आकडे जुळणार नाहीत आणि तुमची उगाच दिशाभूल होईल.

ट्रेसराउटच्या (वाटेतले राउटर दाखवणारी कमांड) भानगडीत पडू नका. लिंक लेयर २ ची आहे, म्हणजे तुमच्यासाठी एक लांब केबलच, मधलं काहीच दिसणार नाही. लेटन्सीचा, म्हणजे पॅकेट जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा आलेख मात्र जपून ठेवा. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन १०. कंपनीची रिंग (गोल फिरून जोडलेली फायबर) एका बाजूने तुटून ट्रॅफिक लांबून फिरलं तर ५० किलोमीटर वाढले की आलेखात अर्ध्या मिलिसेकंदाची पायरी दिसते. आता मागच्या वर्षभराचे दोन्ही आलेख शेजारी ठेवा. दोन्हीत एकाच रात्री, एकाच वेळी पायरी दिसली, तर त्या दोन रिंग कुठेतरी एका तुकड्यावर बसलेल्या आहेत. लिंक एकदाही न पडता हे कळतं, म्हणून मला ही खूण सगळ्यात जास्त आवडते.

जॉइंटर_कुर्ला

मी फायबर टीमवर आहे, जॉइंटिंगचं काम करतो. वरच्या सरांनी बरोबर सांगितलंय, एक गोष्ट जमिनीवरची सांगतो.

तुमच्या लिंक एकामागून एक आल्या म्हणालात ना, त्यातच बरंच उत्तर आहे. जेसीबीने ओढलेली केबल जिथे दात लागला तिथेच तुटते असं नाही. ती ताणली जाते, पाइपच्या आत पुढे-मागे कुठेही तुटते. मग दोन चेंबरच्या मधला पूर्ण तुकडा बदलावा लागतो, म्हणजे एका कटसाठी दोन जॉइंट. पावसाळ्यात चेंबर गळ्यापर्यंत भरलेला असतो, आधी पंप लावून पाणी काढायचं, वर ताडपत्री धरायची, मग मशीन उघडायचं. फायबर सोलायची, अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने कापायची, मशीनमध्ये जोडायची, स्लीव्ह तापवून बसवायची. हे एकेक फायबरचं. ९६ फायबरची केबल म्हणजे आठ ट्यूब, प्रत्येकीत बारा. निळी ट्यूब, मग नारिंगी, मग हिरवी, तपकिरी, असा रंगांचा क्रम ठरलेला. आम्ही त्या क्रमाने जातो, नाहीतर वरून फोन येईल ती ट्यूब आधी. दोन वेगळ्या केबल असत्या तर दोन वेगळ्या टीम आल्या असत्या आणि वेळेत चांगलाच फरक पडला असता. लागोपाठ आल्या म्हणजे मला तरी एकच केबल वाटते, शेजारच्या ट्यूब.

आणि इमारतीत शिरताना बघा. रस्त्यावर कितीही वेगळे असोत, कंपाउंडमध्ये सगळे एकाच पाइपने येतात, कारण सोसायटीने किंवा मालकाने तेवढंच एक भोक दिलेलं असतं. तळघरातून राइझरपर्यंत (मजल्यांवर केबल नेणाऱ्या उभ्या जागेपर्यंत) टॉर्च घेऊन केबल हाताने धरत जा. वॉचमनला विचारा, आमचे लोक कुठून आत येतात ते त्याला नक्की ठाऊक असतं.

खोदाईबद्दल म्हणाल तर दूरसंचार विभागाचं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप मार्च २०२३ मध्ये आलं. खोदणाऱ्याने आधी नोंद केली की त्या जागेखाली ज्यांची केबल आहे त्यांना निरोप जातो. नोंद झाली की आम्ही आधीच जाऊन उभे राहतो, केबल वाचते. तुमच्या गल्लीत खोदाईची तयारी दिसली, बॅरिकेड आले, की फोटो काढून दोन्ही कंपन्यांच्या एनओसीला (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षाला) पाठवा. आम्हाला त्याची खरंच मदत होते.

बीजीपी_बोरिवली

खालच्या थराबद्दल वर सगळं आलंय. मी वरचं थोडं सांगतो.

मार्ग वेगळे झाले तरी फेलओव्हर, म्हणजे एक लिंक पडली की ट्रॅफिक आपोआप दुसरीवर जाणं, नीट बसवा. बीजीपी (राउटरनी एकमेकांना मार्ग कळवायची पद्धत) लावलं असेल तर नुसत्या टायमरवर राहू नका. अनेक राउटरवर होल्ड टाइम (समोरचा गेला असं मानण्याआधी थांबायचा वेळ) मुळातच १८० सेकंदांचा असतो, म्हणजे लिंक मेल्यावरही तीन मिनिटं ट्रॅफिक खड्ड्यात. फायबर आणि तुमची केबल यांच्या मधला कन्व्हर्टर तुमचा पोर्ट 'अप' दाखवत राहतो, म्हणून फायरवॉललाही कळत नाही. बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारा प्रोटोकॉल) ३०० मिलिसेकंद आणि तीनचा गुणक लावलात तर सेकंदाच्या आत कळतं. पण आधी कंपनीला विचारा, काही लिंकवर पॅकेट उगाच गळतात आणि मग बीएफडी दिवसभर फडफडत राहतो.

तिसरा मार्ग हवाच असेल तर तो जमिनीतून नको, गच्चीवरून घ्या. ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओला पावसाचा त्रास नगण्य, पण मरोळसारख्या ठिकाणी त्या बँडमध्ये गर्दी फार. १८ किंवा २३ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हला गर्दी नाही, पण जुलैच्या मुसळधार पावसात सिग्नल बसतो. ५जी घेतलंत तर सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत वाटलेल्या एका पत्त्यामागे) असाल, बाहेरून तुमच्यापर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून आयपीसेक टनेल (इंटरनेटवरचा एन्क्रिप्टेड बोगदा) ऑफिसच्या बाजूनेच सुरू व्हायला हवा, महापेहून नाही. नॅट ट्रॅव्हर्सल चालू ठेवा, यूडीपी ४५००.

महापेच्या राउटरच्या कन्सोलपर्यंत (राउटर हाताळायच्या पोर्टपर्यंत) पोहोचायची वाटही या दोन लिंकवर अवलंबून ठेवू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या एका कमांडने त्यांचा सगळा बॅकबोन (डेटा सेंटर जोडणारं नेटवर्क) खाली आला, डीएनएसचे मार्ग मागे घेतले गेले आणि त्यांच्या इंजिनियरना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. तुमच्यासाठी साधा ४जी कन्सोल सर्व्हर पुरेसा आहे.

विजेचंही विचारा. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड गेला तेव्हा लोकलसुद्धा थांबल्या होत्या. कोलोमध्ये जनरेटर असतो. पण तुमच्या इमारतीच्या तळघरात कंपनीचा स्विच आहे, त्याच्या बॅटरीकडे शेवटचं कोणी बघितलं होतं?

मरोळ_आयटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही केएमझेड आल्या, एका कंपनीची बऱ्याच फोनांनंतर. खाडी दोघंही ऐरोलीलाच ओलांडतात. त्याआधी जेव्हीएलआरवरचा मोठा पट्टा अगदी एकावर एक बसतो. ओटीडीआरचे ट्रेसही बघितले, दोन्ही आमच्या बाजूने घेतलेले, दोन्हीत तूट त्याच पट्ट्यात. म्हणजे जॉइंटर दादांचा अंदाज खरा निघाला.

वॉचमनकाकांनी मागच्या गेटजवळचा पाइप दाखवला. एकाच पाइपात तीन काळ्या केबल, एकीवरचं लेबल पूर्ण पुसलेलं. तळघरातल्या स्विचखालची बॅटरी फुगली आहे, तिचा फोटो लगेच कंपनीला पाठवलाय.

५० एमबीवाली कंपनी घाटकोपर-मानखुर्द-वाशीमार्गे फिरवून द्यायला तयार आहे, थोडे पैसे वाढवून. इमारत मालकाने पुढच्या गेटने दुसरा पाइप टाकायला परवानगी दिली. साहेबांना नकाशा दाखवल्यावर तिसऱ्या लिंकचा विषय त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला. आता पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) काय लिहून घेऊ?

खाडीपलीकडचा

उत्तम काम केलंत. तळघरातल्या बॅटरीपर्यंत जाऊन फोटो काढणारे ग्राहक मला फार थोडे भेटले.

पीओमध्ये नुसतं 'डायव्हर्स पाथ' लिहू नका, त्या शब्दांना कोर्टातही कुणी धरणार नाही. मंजूर झालेली केएमझेड परिशिष्ट म्हणून जोडा. दुसऱ्या लिंकपासून किमान किती मीटर अंतर ठेवायचं ते लिहा, आणि जिथे अंतर राखता येत नाही, म्हणजे इमारतीचं तोंड आणि कोलोचं तोंड, ते अपवाद नावानिशी लिहा. खाडी वाशीला ओलांडायची हे स्वतंत्र ओळीत.

सगळ्यात महत्त्वाची ओळ पुढची आहे आणि तीच बहुतेक जण विसरतात. कंपन्या सर्किट नंतर हलवतात. जुनी केबल बंद करायची असते, नाहीतर नव्या रिंगवर जागा मोकळी असते, मग एखाद्या रात्री तुमची लिंक दुसऱ्या मार्गावर जाते. तुम्हाला मेल येतो तो फक्त 'प्लॅन्ड ॲक्टिव्हिटी, अर्धा तास' असा. वर्षभराने दोन्ही पुन्हा ऐरोलीलाच. म्हणून लिहून घ्या: मार्ग बदलण्याआधी ३० दिवस लेखी सूचना, तुमची लेखी संमती, बदलानंतर नवी केएमझेड आणि दोन्ही टोकांकडून ओटीडीआर ट्रेस. संमतीशिवाय हलवली तर दंड न देता करार मोडायचा हक्क तुमचा. कटनंतर तात्पुरती फिरवली असेल तर किती दिवसांत मूळ मार्गावर आणायची तेही टाका, नाहीतर तात्पुरतं तेच कायमचं होतं.

आणि बदल झाल्यावर त्या रात्रीचा लेटन्सीचा आलेख इथे टाका. वाशीमार्गे गेली असेल तर जुन्या आकड्यापेक्षा थोडी पायरी दिसायला हवी. आकडा जागचा हलला नसेल तर पेमेंट सोडण्याआधी मला सांगा.