मदत हवी आहे : सुरक्षा तपासणीत कृत्रिम पाय काढायला सांगितला तर नाही म्हणता येतं का?

केतकी_म

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. अपघाताला बरीच वर्षं झाली. तो व्यवस्थित चालतो, गाडी चालवतो, नोकरीत फिरतीही करतो. आता कामासाठी त्याला युरोपात विमान बदलून अमेरिकेला जायचं आहे आणि तो जायला तयार नाही. कारण एकच, विमानतळावरची तपासणी.

मागच्या प्रवासात (विमानतळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही) त्याला रांगेतच सांगण्यात आलं, "पाय काढून ट्रेमध्ये ठेवा." बसायला खुर्ची नव्हती. एका हाताने रेलिंग धरून त्याने पाय सोडवला, तो बॅगांबरोबर एक्सरे मशीनमधून गेला आणि पलीकडून परत येईपर्यंत हा सगळ्यांसमोर एका पायावर उभा. कुणी उद्धटपणे बोललं नाही. पण त्यानंतर त्याने विमान टाळायला सुरुवात केली.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते, पाय काढणं म्हणजे बूट काढणं नव्हे. आधी उरलेल्या पायावर, म्हणजे स्टंपवर, सिलिकॉनचा लायनर चढवलेला असतो. त्याच्या टोकाला खाचांची पिन असते आणि ती सॉकेटच्या, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागाच्या, तळाशी असलेल्या लॉकमध्ये कट्कट् आवाज करत अडकते. काढायचं तर पँट वर सरकवा किंवा उतरवा, बटण दाबून पिन सोडवा. लायनरही काढायला लावला तर परत घालताना तो पूर्ण उलटा करून, आत हवा न राहू देता, वर गुंडाळत न्यावा लागतो. शिवाय दाब गेला की स्टंप सुजायला लागतो आणि तेच सॉकेट मग नीट बसत नाही. पुढे बारा-चौदा तास बसून काढायचे असतील तर त्या जागी जखम होऊ शकते.

तपासणी नको असं त्याचंही म्हणणं नाही, माझंही नाही. त्याच विमानात आणखी शेकडो माणसं असतात. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की पाय न काढता तपासा असं तो ठामपणे म्हणू शकतो का, आणि तसं म्हटल्यावर विमानात चढूच दिलं नाही तर? कायद्याचं आणि यंत्रांचं ज्ञान असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

दर्यावर्दी

केतकीताई, तुमच्या भावाला जे सोसावं लागलं ते वाईटच. पण दुसरी बाजूही मांडतो.

डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीड नावाचा माणूस पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात बुटात स्फोटक घेऊन चढला होता. २००९ च्या नाताळच्या दिवशी ॲमस्टरडॅम-डेट्रॉइट विमानात एकाने ते अंतर्वस्त्रात लपवलं होतं. दोन्ही वेळा स्फोट नीट झाला नाही आणि प्रवाशांनी व कर्मचाऱ्यांनी त्यांना धरलं, म्हणून लोक वाचले. जिथे हात लावायला समोरच्याला संकोच वाटेल तीच जागा हे लोक निवडतात. म्हणून एखाद्या गटाला तपासणीतून सरसकट सूट देणं मला धोक्याचं वाटतं. पोकळ सॉकेट आतून पाहायचंच नाही असा नियम केला, तर तो नियम वाईट हेतूच्या माणसालाही ठाऊक होणार.

अभिजित_पीओ

मी कृत्रिम अवयव बसवण्याच्या क्षेत्रात काम करतो, तेव्हा यंत्रांच्या बाजूने लिहितो.

मेटल डिटेक्टरची चौकट फक्त धातू ओळखते. भावाच्या पायातली नळी, पिन, लॉक हे सगळं धातूचं, त्यामुळे ती वाजणारच. त्यातून तपासनिसाला काहीच नवीन कळत नाही. बॉडी स्कॅनर मिलिमीटर लहरी सोडतो. त्या कपड्यांतून जातात आणि त्वचेवरून परततात. कृत्रिम पायावरूनही परततात, म्हणून पडद्यावरच्या बाहुलीसारख्या आकृतीवर पायाच्या जागी चौकोन उमटतो. 'इथे काहीतरी वेगळं आहे' एवढंच तो चौकोन सांगतो.

खरा प्रश्न असतो तो स्फोटक आहे का हा, आणि त्यासाठी स्वॅब आहे. कापडाची छोटी पट्टी हातांवर, सॉकेटच्या कडेवर, पायाच्या कव्हरवर फिरवून मशीनमध्ये घालतात. मशीन ती तापवतं, कणांची वाफ करून तपासतं आणि काही सेकंदांत निकाल देतं. स्फोटक हाताळलेल्या माणसाच्या अंगावर, वस्तूंवर सूक्ष्म कण राहतात, त्यावर ही पद्धत उभी आहे. जोडीला हाताने चाचपणी आणि कव्हर वर करून डोळ्यांनी पाहणं. एवढं केलं तर पाय अंगावर असतानाच बरंच काही कळतं. दर्यावर्दी यांची शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर 'पाय काढा' हेच एक नाही.

एक काळजी घ्या. त्या दिवशी स्टंपला किंवा हाताला ग्लिसरीन असलेलं क्रीम लावू नका. त्यामुळे स्वॅबचा निकाल चुकून पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि मग तपासणी लांबते. आणि हाताच्या बॅगेत जादा लायनर ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

सरोज_वि

केतकी, मी वकिली करते. तू तीन कायद्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या प्रवासाबद्दल विचारते आहेस, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी कटू भाग. तपासणीला पूर्ण नकार देऊन विमानात बसण्याचा अधिकार कुठेच नाही. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराचं सतरावं परिशिष्ट १९७४ साली आलं, तेव्हापासून प्रवाशांची तपासणी ही देशांची आंतरराष्ट्रीय जबाबदारी आहे. तेव्हा 'तपासू नका' हे वाक्य चालणार नाही. 'कसं तपासणार' यावर मात्र बोलता येतं, आणि तुझ्या भावाची लढाई तिथेच आहे.

भारतात २०२१ मध्ये अभिनेत्री आणि नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी, दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात म्हणून जाहीर व्हिडिओ टाकला होता आणि सीआयएसएफने त्यांची माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारच्या नियमांच्या मसुद्याबद्दलच्या सुनावणीत, अपंग व्यक्तींना विमानतळावर कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर काढायला सांगू नये, मानवी प्रतिष्ठा जपली पाहिजे, असं स्पष्ट म्हटलं. हे जीजा घोष यांच्या प्रकरणात. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि २०१२ मध्ये त्यांना विमानातून उतरवलं गेलं होतं. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दहा लाखांची भरपाई दिली. डिसेंबर २०२१ च्या त्या आदेशाची प्रत भावाच्या फोनमध्ये असू दे.

युरोपीय संघात २०११ पासून नियम आहे की बॉडी स्कॅनर नाकारता येतो. त्याऐवजी दुसऱ्या पद्धतीने तपासतात आणि त्यात हाताने झडती असतेच. विमान बदलताना तिथे पुन्हा तपासणी होईल, हे धरून दोन विमानांत वेळ जास्त ठेव.

अमेरिकेत प्रवाशांची सरसकट तपासणी जानेवारी १९७३ पासून. त्याच वर्षी डेव्हिस खटल्यात न्यायालयाने ही तपासणी वैध ठरवली, पण अट घातली : शस्त्रं आणि स्फोटकं शोधायला लागते त्यापेक्षा ती जास्त खोल किंवा जास्त तीव्र असू नये. मला हा सगळा वाद या एका अटीत दिसतो. कमी त्रासाचा मार्ग हाताशी असताना जास्त त्रासाचा का निवडला, याचं उत्तर तपासणाऱ्याने द्यायचं आहे. आपल्याकडे खाजगीपणाच्या हक्कावरच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातली प्रमाणबद्धतेची कसोटी हेच विचारते.

अमेरिकेत विमानतळांवर तपासणी करणाऱ्या टीएसए या सरकारी यंत्रणेच्या पद्धतीत कृत्रिम अवयव काढावा लागत नाही. खाजगी खोलीत तपासणी मागता येते आणि सोबत आपलं माणूस ठेवता येतं. परतीच्या प्रवासाआधी ७२ तास 'टीएसए केअर्स' या त्यांच्या मदत सेवेला कळवलं तर विमानतळावर मदतीची सोय करता येते.

दर्यावर्दी

सरोजताई, खाजगी खोलीत स्वॅब आणि झडती होणार असेल तर माझी हरकत नाही. माझा विरोध सूट देण्याला होता, पद्धत बदलायला नाही.

सरोज_वि

मग आपण एकाच बाजूला आहोत. फक्त एक भर घालते. कडक तपासणी म्हणजे परिणामकारक तपासणी असं आपण गृहीत धरतो. अमेरिकेत प्रवाशांच्या हावभावावरून संशयित हेरण्याचा मोठा कार्यक्रम टीएसएने चालवला. संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या जीएओने २०१३ मध्ये त्याची छाननी केली, तेव्हा हावभावावरून धोका ओळखता येतो याला पुरेसा पुरावा नाही आणि यावरचा खर्च मर्यादित करावा असं त्यांनी म्हटलं. तोवर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले होते, आणि केवळ चेहऱ्यावरून बाजूला काढलेल्या माणसांचा हिशेब वेगळाच. बुटांचंही तसंच. २००६ पासून अमेरिकेत सगळ्यांना बूट काढायला लावत होते, तो नियम २०२५ च्या जुलैत मागे घेतला. कालचं 'अत्यावश्यक' आज अनावश्यक ठरू शकतं, म्हणून प्रत्येक नियमाला 'यातून सापडतं काय?' हे विचारत राहिलं पाहिजे.

केतकी_म

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला धागा वाचायला दिला. त्याचा प्रश्न असा : समोरचा अधिकारी ऐकतच नसेल, मागे रांग खोळंबली असेल, तर नेमकं काय म्हणायचं? आणि तिथल्या तिथे 'मला प्रवासच नको' म्हणून परत फिरता येतं का?

सरोज_वि

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण बरेच जण यात अडकतात. परत फिरायचं तर तपासणीच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी. अमेरिकेत २००७ च्या औकाई खटल्यात न्यायालयाने सांगितलं की एकदा चौकटीतून गेलात किंवा बॅग पट्ट्यावर ठेवलीत, की मध्येच माघार घेता येत नाही. नाहीतर कुणीही पकडलं जाण्याच्या बेतात असताना निघून जाईल. त्यामुळे बोलायचं ते बॅग ठेवायच्या आधी.

शब्द साधे ठेवा : "माझा हा पाय कृत्रिम आहे. तपासणीला मी तयार आहे. कृपया तो अंगावर असतानाच स्वॅब करा, झडती घ्या, आणि हे खाजगी खोलीत करा." नाही म्हणाले तर, "तुमच्या वरिष्ठांना बोलवा, मी थांबतो." आवाज चढवू नका. 'बॉम्ब' हा शब्द रागाने किंवा गमतीनेही तोंडातून काढायचा नाही. वरिष्ठही अडून बसले तर निर्णय भावाचा. खोलीत, खुर्चीवर बसून पाय काढावासा वाटला तर त्याने हार मानली असं होत नाही, तक्रारीचा हक्क तसाच राहतो. वेळ, काउंटर, अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव लगेच फोनमध्ये लिहून ठेवा.

सुमन_ताई५८

माझ्या दोन्ही गुडघ्यांत सांधे बसवलेले आहेत, चौकट दर वेळी वाजते. मी वाजायच्या आधीच सांगते. आधी सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, नंतर सांगितलं की त्याला ती सबब वाटते. भावाला शुभेच्छा, जाऊ दे त्याला.

केतकी_म

सुमनताई, हे फार उपयोगी. विमान कंपनीला पाठवायला मजकूर केला आहे, जरा बघाल का?

"प्रवाशाचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. सर्व सुरक्षा तपासणीस ते तयार आहेत. पाय न काढता स्वॅब व झडती करावी, ती खाजगी जागेत, बसायच्या सोयीसह व्हावी आणि सोबत्यास हजर राहू द्यावे. कृपया व्हीलचेअर देऊ नये, प्रवासी स्वतः चालतात. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे."

अभिजित_पीओ

छान आहे. 'पाय न काढता' नंतर एक वाक्य घाला : "पाय काढल्यास स्टंपला सूज येऊन प्रवासात इजा होऊ शकते." वैद्यकीय कारण लिहिलेलं असलं की अधिकाऱ्यालाही वरिष्ठांकडे दाखवायला आधार मिळतो. आणि व्हीलचेअरचं वाक्य वेगळ्या ओळीत टाका. अपंग प्रवासी म्हटलं की व्हीलचेअर आपोआप नोंदवली जाण्याची शक्यता असते. तशी झाली तर चेक-इनच्या वेळीच ती काढून टाकायला सांगा.