ती ल्युसिलिया नव्हे, लांब पायांची शिकारी माशी आहे
या चर्चेत वर टाकलेल्या छायाचित्रातील, जास्वंदीच्या पानावरच्या हिरव्या चकचकीत माशीला ल्युसिलिया, म्हणजे कुजलेल्या मांसावर बसणारी हिरवी माशी, म्हटले आहे आणि फवारणी सुचवली आहे. दोन्हींशी मी असहमत आहे. ल्युसिलिया जाडसर आणि राठ केसांची असते, तर छायाचित्रातील माशी सडपातळ असून शरीराच्या मानाने लांब पायांवर उंच उभी आहे, त्यामुळे ती डोलिकोपोडिडी या लांब पायांच्या माश्यांच्या कुळातील वाटते. या कुळातील प्रौढ माश्या मावा, फुलकिडे, पिकांवरील बारीक कोळी (माइट) अशा मऊ अंगाच्या जिवांची शिकार करतात, म्हणून कृपया फवारणी करू नये.

चर्चेत न आलेला मुद्दा असा की, रंगावरून प्रजाती ठरवता येत नाही. एकाच माशीचा रंग प्रकाशाच्या कोनानुसार हिरवा, निळा किंवा तांबूस भासतो. पंखांवरील काळसर पट्टे आणि शिरांची ठेवण यांवरून प्रजातीसमूहापर्यंत पोहोचता येते. प्रजातीसाठी मात्र बहुधा नराच्या पोटाखाली पुढे दुमडलेल्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी लागते. त्यामुळे पाठीवरून घेतलेल्या छायाचित्रासोबत एक छायाचित्र बाजूनेही घ्यावे, शक्यतो फ्लॅशशिवाय, कारण फ्लॅश चमकताच ही माशी विलक्षण वेगाने उडते.