मदत हवी आहे : मागचा ट्रेलर शेपटी हलवतो

मंडळी, स्कॉर्पिओमागे छोटा कॅरॅव्हॅन ट्रेलर जोडून म्हापशाहून काणकोणला निघालो होतो. भरून वजन साधारण ७०० किलो. नव्या झुआरी पुलाच्या उतारावर ताशी ७० च्या आसपास शेजारून बस गेली आणि ट्रेलर डावी-उजवीकडे असा झोके घ्यायला लागला की बायकोने देवाचं नाव घेतलं. मी घाबरून ब्रेक दाबला, तर झोके वाढलेच. पाय काढल्यावर कुठे गाडी शांत झाली. पुढे करमल घाट २५-३० नेच उतरलो.

घरी वजनकाट्यावर हिचवर (ट्रेलर गाडीला जोडतो त्या जोडावर) येणारा भार मोजला : जेमतेम ३५ किलो, म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या ५ टक्के! तो १० ते १५ टक्के हवा, म्हणजे किमान ७०. चूक माझीच, पाण्याची टाकी आणि दोन सायकली पार मागे बांधल्या होत्या.

सामान ॲक्सलच्या पुढे घेतो, टायरची हवाही तपासतो. पण तेवढ्याने भागेल का, की घर्षणावर चालणारा स्वे-बार (झोके रोखणारा दांडा) लावावाच? ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, ते बसवून घेता येतील का? फोंडा-मडगावकडे असं काम करणारा भरवशाचा फॅब्रिकेटर कुणाला माहीत आहे का? चतुर्थीला परत निघायचंय.