मदत हवी आहे: कॅम्परमध्ये रात्रभर सीपॅप मशीन चालेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे, ऑक्टोबरात लेकीकडे अमेरिकेला जातोय. जावई भाड्याचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावर पानांचे रंग दाखवणार म्हणतात. व्हर्जिनियापासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत ७५५ किलोमीटर, वाटेत २६ बोगदे. चोर्ला घाटात पिशवी हातात धरून बसणारी मी, पण रंगांसाठी तेही सोसेन.

खरी अडचण यांची. झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लागतं. मागे एकदा रात्री लाइट गेली, तर पहाटेपर्यंत खुर्चीत बसून होते, आणि मी पंख्याकडे बघत. त्या रस्त्यावरच्या सरकारी कॅम्पग्राउंडांत गाडीला वीज जोडायची सोयच नाही, जनरेटरही रात्री बंद ठेवावा लागतो. गाडीच्या बॅटरीवर मशीन चाललंय का कुणाचं? मशीनचा हवा दमट करायला पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर किती रात्री निघतात? की सरळ खाली उतरून वीज असलेला खासगी तळ गाठावा?

आणखी एक. उंचावर पानं आधी रंगतात म्हणे. मग २० ऑक्टोबरला २,०३७ मीटर उंचीच्या माउंट मिचेल शिखरावर नुसत्या काड्याच दिसतील का?