डेमिलिच, डिसएम्बॉवलमेंट आणि एक प्रश्न

डेथ मेटल, ब्लॅक मेटल अशा जहाल मेटल संगीतातले मॉर्बिड एंजल, मेहेम हे नावाजलेले बँड सोडून फारशी चर्चेत नसलेली नावं इथे कुणीतरी मागितली आहेत, म्हणून माझी भर.

फिनलंडच्या डेमिलिच या बँडचा 'नेस्पिथे' (१९९३) हा अल्बम कुणी ऐकलाय का? गायकाचा आवाज तुंबलेल्या मोरीतून बुडबुडे यावेत तसा, आणि त्यावर इफेक्ट म्हणाल तर शून्य! सुरुवातीला हसूच येतं. पण रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) इतके वाकडेतिकडे वळतात की थोड्या वेळाने आवाजाचं काही वाटेनासं होतं आणि कान गिटारच्या मागे लागतात. डेथ मेटलमध्ये नुसता वेग शोधणाऱ्यांना हे कितपत रुचेल, शंकाच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या डिसएम्बॉवलमेंटचा एकुलता एक अल्बमही १९९३चाच. रेंगाळत चाललेलं डूम (मेटलचा संथ, जड प्रकार), मध्येच ब्लास्ट बीट (ड्रम्सचा अतिवेगवान मारा), पुन्हा तीच संथ लय. हेडफोन लावून आणि सलग ऐका. तुकड्या-तुकड्यांनी ऐकून काही हाती लागत नाही. ब्लॅक मेटलवाल्यांनी चेक बँड मास्टर्स हॅमरचा 'रिचुअल' (१९९१) जरूर ऐकावा, त्यात चक्क टिम्पनी (ऑर्केस्ट्रातले मोठे नगारे) वाजते.

आता मला तुमचं मत हवंय. नॉर्वेच्या वेद बुएन्स एंडे या बँडचा 'रिटन इन वॉटर्स' (१९९५) हा अल्बम माझ्या अजून पचनी पडलेला नाही. ड्रम्स अफाट आहेत, वाद नाही. पण ते स्वच्छ, थकल्यासारखं गाणं मला सारखं बाहेर फेकतं. ज्यांना आवडतो त्यांनी कुठल्या गाण्यापासून सुरुवात केली?