नेपाळसाठी प्रार्थना करायची, तर नेमके काय मागावे?

प्रश्न (ठाणे, ४ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार. आमच्या इमारतीत गेली अकरा वर्षे रात्रपाळी करणारे पहारेकरी नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले आहेत. आम्ही लहानथोर सगळे त्यांना दाजू म्हणतो. यंदा ते दसऱ्याला गावी गेले नाहीत. घटस्थापनेला त्यांनी आपल्या खोलीतच मातीच्या ताटलीत जव पेरले आणि अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवले. दशमीच्या सकाळी ते पिवळे कोंब, ज्यांना ते जमरा म्हणतात, त्यांनी आमच्या दोन्ही मुलांच्या कानामागे खोवले आणि दही, तांदूळ व कुंकू कालवून केलेला जाड टिळा कपाळावर लावला. लावताना ते एक संस्कृत आशीर्वाद पुटपुटत होते. त्यातले ‘सत्यं च कुन्तीसुते, विज्ञानं विदुरे’ एवढेच शब्द मला कळले. मग हात थांबवून ते म्हणाले, “ताई, या वर्षी देशालाच टिळा लावायला हवा.”

८ सप्टेंबरला नेपाळमध्ये आंदोलकांवरील गोळीबारात १९ जण गेले, दुसऱ्या दिवशी सिंहदरबार हे सरकारी मुख्यालय, संसद आणि सर्वोच्च न्यायालय जळाले, आणि १२ सप्टेंबरच्या रात्री सुशीला कार्की यांनी अंतरिम सरकारच्या पंतप्रधानपदाची शपथ घेतली, हे आपण सर्वांनी पाहिले. दाजूंच्या त्या वाक्यानंतर देवापुढे उभे राहिले की ‘सगळे चांगले होवो’ एवढे मोघम मागून माझे समाधान होत नाही. ज्यांना त्या देशाची माहिती आहे, त्यांनी कृपया सांगावे, की या काही महिन्यांत खरोखर कशाची आशा धरता येईल आणि कशासाठी हात जोडावेत?

उत्तर १ (नागपूर, निवृत्त वकील)

आपण ऐकलेल्या आशीर्वादात अश्वत्थाम्याचे आयुष्य, दशरथाची संपत्ती, वायूची गती, कुंतीपुत्राचे सत्य आणि विदुराचे ज्ञान मागितलेले असते. कार्कीबाईंसाठी मी त्यातले शेवटचे मागेन, कारण भरल्या सभेत नियम काय सांगतो हे न भिता बोलणारा माणूस म्हणून आपण विदुराला ओळखतो.

बाई मूळच्या विराटनगरच्या. १९७५ साली त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम. ए. केले, पुढे वकिली केली, १९९० च्या लोकशाही आंदोलनात तुरुंगवास भोगला आणि २०१६ मध्ये त्या नेपाळच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या. २०१७ मध्ये त्या वेळच्या सत्ताधारी पक्षांनी त्यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव आणला होता. न्यायालयाने तो रोखला आणि अखेर तो मागे घेण्यात आला. सत्तेचा दाब अंगावर कसा येतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. नेपाळच्या घटनेनुसार पंतप्रधान प्रतिनिधिसभेचा, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा, सदस्य असावा लागतो. बाई सदस्य नाहीत, आणि सरन्यायाधीशपदावरून उतरलेल्या व्यक्तीने नंतर सरकारी पद घेण्यावरही तिथे बंधन आहे. त्यांची नेमणूक पेचातून वाट काढताना झाली आणि त्याच दिवशी प्रतिनिधिसभाही विसर्जित झाली. अशा सरकारला अधिकार मिळतो तो त्याच्या शेवटच्या तारखेतून. म्हणून माझी प्रार्थना ५ मार्च २०२६ या एका तारखेसाठी आहे. त्या दिवशी निवडणूक ठरल्याप्रमाणे, शांतपणे व्हावी आणि आपण सहा महिन्यांपलीकडे राहणार नाही हा त्यांचा शब्द त्यांना पाळता यावा. २००८ मध्ये प्रजासत्ताक झाल्यापासून तिथे एकाही पंतप्रधानाने पाच वर्षे पूर्ण केलेली नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे ही मागणी लहान वाटणार नाही.

आणखी एक मागणे माझ्या व्यवसायातून आलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाची इमारत जळाली, तेव्हा असंख्य खटल्यांची कागदपत्रे जळाली. पुढच्या काही दिवसांत आवारात तंबू ठोकून काम सुरू करावे लागले. वीस-वीस वर्षे जमिनीच्या दाव्यासाठी हेलपाटे घालणारी माणसे मी जन्मभर पाहिली आहेत. त्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक-एक नक्कल असते आणि ती ते दुसऱ्याच्या हातात सहसा देत नाहीत. तिथल्या अशा पक्षकारांच्या घरी त्या नकला शाबूत असाव्यात आणि त्या मान्य करण्याइतके न्यायालयाचे मन मोठे असावे, असे मला फार वाटते.

उत्तर २ (पुणे)

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते पहिली प्रार्थना मृतांच्या घरच्यांसाठी असावी. दोन दिवसांत सत्तरहून अधिक माणसे गेली. भ्रष्टाचाराविरुद्ध आणि समाजमाध्यमांवरील बंदीविरुद्ध निघालेल्या त्या मोर्चात गणवेशातली मुले होती. गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, याचे उत्तर त्यांच्या आईवडिलांना मिळावे. गौरीबहादुर कार्की या माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला आहे; त्याचा अहवाल कपाटात पडून राहू नये. जाळपोळ करणाऱ्यांचीही चौकशी त्याच निष्ठेने व्हावी, नाहीतर एका बाजूच्या मृतांना न्याय आणि दुसऱ्या बाजूच्या मृतांना विस्मृती असे होईल.

उत्तर ३ (रत्नागिरी, आंबा बागायतदार)

माझ्या बागेत सहा नेपाळी गडी आहेत. राखण, फवारणी आणि पुढे झेल्याने आंबा उतरवणे ही सगळी कामे तेच करतात. आमच्या भागातल्या बहुतेक बागांची हीच स्थिती आहे. त्या देशाच्या उत्पन्नाचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग बाहेर गेलेल्या माणसांनी धाडलेल्या पैशांचा आहे. पण या माणसांना इथून मत देता येत नाही. परदेशातील नागरिकांच्या मतदानाची सोय करा, असा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दिला होता. ती सोय अजून झालेली नाही. ज्याला मत द्यायचे आहे, त्याने गावीच गेले पाहिजे.

५ मार्च म्हणजे आमच्याकडे पहिला आंबा तयार होण्याचे आणि माकडांपासून रात्रंदिवस राखण करण्याचे दिवस. त्या वेळी दोन माणसे पंधरा दिवस कमी झाली, तर काय होते ते बागायतदारालाच ठाऊक. तरीही मी काल सगळ्यांना बोलावून सांगितले, की ज्यांची नावे मतदारयादीत आहेत त्यांनी जावे, पगार कापला जाणार नाही. त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलाने, तो एकोणीस वर्षांचा आहे, विचारले, “शेठ, माझे नाव नसेल तर?” मतदारनोंदणी पुन्हा खुली करण्याची व्यवस्था नव्या सरकारने केली आहे, पण नोंदणीसाठीही त्याला आधी तिथे जावे लागेल. म्हणून तो दिवाळीत, फवारण्यांचा जोर वाढण्याआधी, जाऊन येणार आहे.

ताई, आपण देवापुढे जे मागाल ते अवश्य मागा. त्यासोबत आपल्या सोसायटीच्या सभेत दाजूंच्या रजेचा ठरावही मांडा.

प्रश्नकर्ती (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी दाजूंना विचारले. २०१७ मध्ये त्यांनी मत दिले होते, २०२२ मध्ये रजा मिळाली नव्हती. त्या वेळी रजा नाकारणाऱ्या समितीत मीही होते, आणि हे मला आठवतही नव्हते. बनबसा सीमेवरून महेंद्रनगर आणि तिथून डोंगरातली बस धरून गावी पोचायला त्यांना तीन-चार दिवस लागतात. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातले तिकीट डिसेंबरच्या अखेरीस काढावे लागेल. ते मी काढणार आहे. रजेचा विषय येत्या रविवारच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच घातला आहे.