अभिजितचं रिव्हॉल्व्हर कंपनीकडे परत पाठवताना (घरच्या ग्रुपवरचं बोलणं)

अभिजित (ऑस्टिन, अमेरिका): नाना, सवड मिळाली की हे वाचा. गेल्या महिन्यात घेतलेलं नवं रिव्हॉल्व्हर आज दुसऱ्यांदा रेंजवर नेलं. .३५७ बोअरचं, काडतुसांच्या सहा घरांचं. चाळीस राउंड झाडले, त्यात तीन मिसफायर, म्हणजे घोडा पडला पण बार झाला नाही. तीसेक राउंडनंतर सिलिंडर जड फिरायला लागला. आणि बाजूला उभ्या असलेल्या मित्राच्या गालाला बारीक चटका बसला. जखम नाही, पण लाल ठिपका उठला. दुकानदार म्हणतो, विकलेली बंदूक परत घेत नाही, कंपनीशी बोला.

मंजूआत्या: अगं बाई! डोळ्याला लागलं असतं म्हणजे?

अभिजित: चष्मे होते आत्या सगळ्यांना. रेंजवर त्याशिवाय उभंच करत नाहीत.

नाना (पुणे): आधी एक सांग. मिसफायर झाल्यावर काय केलंस? लगेच पुन्हा चाप ओढलास का?

अभिजित: पहिल्या वेळी ओढला, नाना. नंतर थांबलो.

नाना: परत कधी करू नकोस. कधी कधी काडतुसाच्या बुडाची कॅप उशिरा पेटते. घोडा पडल्यावर एक-दोन सेकंदांनी बार होतो. पिस्तुलात निदान ते काडतूस नळीच्या मागेच बसलेलं असतं. रिव्हॉल्व्हरचा चाप दुसऱ्यांदा ओढलास की ते घर नळीसमोरून सरकून बाजूला जातं, आणि बार तिथे झाला तर गोळीला जायला वाटच नाही. समोर फ्रेमचं पोलाद आणि मागे तुझा हात. म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवायची, तीस सेकंद मोजायचे, मग सिलिंडर उघडायचा. चोवीस वर्षं लष्कराच्या ईएमईत आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्तीचं, काम केलं. नव्या पोरांना हे शिकवण्यात माझा घसा बसायचा.

अभिजित: कळलं नाना. हे मला इथल्या कोणी सांगितलं नव्हतं.

नाना: आता न उडालेल्या तीन काडतुसांच्या बुडाचे फोटो टाक. जवळून.

[अभिजितने ३ फोटो पाठवले]

नाना: बघ, पिनची खूण कॅपच्या मधोमध नाही, कडेला आहे. म्हणजे घोडा पडला तेव्हा घर नळीच्या रेषेत आलेलंच नव्हतं. मित्राच्या गालाचा चटकाही त्यातलाच. गोळी नळीच्या तोंडाशी कडेला घासते आणि शिशाची किंवा तांब्याची कपची नळी आणि सिलिंडरमधल्या फटीतून बाहेर उडते.
आता हे कर. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे दोनदा बघ, सुनीतालाही दाखव. घरांना मार्करने १ ते ६ आकडे घाल. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढ, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकव. घोडा पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडरच्या खाचेत खटका बसला पाहिजे, टक्क आवाज येतो. कुठल्या घराला तो येत नाही, ते लिहून काढ.

रोहित: दादा, एवढं कशाला? सिलिंडर अडकतोय म्हणजे पुढे फट कमी आहे. पॉलिश पेपर लावून दोन मिनिटांत होईल. मी बुलेटचं इंजिन घरी खोललंय.

नाना: रोहित, तुझे हात चांगले आहेत, पण इथे नको. पॉलिश पेपर सरळ चालत नाही. सिलिंडरचं तोंड एका बाजूने जास्त घासलं गेलं तर ते परत भरून निघत नाही. आणि बाहेरचा हात लागलाय असं कंपनीला दिसलं की वॉरंटी गेली. फट मात्र मोजून ठेव, अभी. फीलर गेज आहे का?

अभिजित: गाडीच्या प्लगसाठीचं आहे.

नाना: चालेल. सिलिंडर मागे दाबून माप घे, पुढे दाबून माप घे. दोन्ही लिही.

शरदकाका (सिन्नर): मला एक समजत नाही. नवी वस्तू आहे, सरकारकडे तक्रार का करत नाहीस? आपल्याकडे माझी बाराबोअर पीकसंरक्षणाच्या लायसन्सवर आहे, तर निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला जमा करा, पावती घ्या, निकालानंतर सोडवून आणा. लायसन्स नूतनीकरणाला खेटे वेगळे. एवढी नजर ठेवतात. तिथे कोणीच बघत नाही?

अभिजित: काका, विकत कोण घेतो यावर कायदे आहेत. मीसुद्धा ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो, कारण वर्क व्हिसावर सहसा बंदूक बाळगताच येत नाही. पण बंदूक नीट बनली आहे का, ती परत मागवावी का, हे ठरवणारं कोणी नाही. १९७२ च्या कायद्याने ग्राहकांच्या वस्तूंसाठी सरकारी आयोग नेमला. टोस्टर, बाळाचा पाळणा, खेळणं, यांत दोष निघाला तर तो आयोग कंपनीला भाग पाडू शकतो. बंदूक त्या कायद्यातून वगळली आहे. कंपन्या बंदुका परत मागवतात, पण त्या आपणहून.

शरदकाका: हे काही मला पटत नाही. पाळण्याला आयोग आणि बंदुकीला नाही.

नाना: म्हणूनच म्हणतो, याचं पत्र नीट गेलं पाहिजे. नुसतं ‘नीट चालत नाही’ लिहिलंस तर तिकडचा माणूस पाच राउंड झाडेल, चांगल्या घरांतून बार होतील, आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येईल. कोणतं घर, किती राउंडनंतर, काय दिसलं, हे सगळं लिही. याच घाण्यातून आणखी नग निघाले असतील. असं पत्र हाती पडलं तर त्यांना आपलं मशीन तपासावंसं वाटेल.

अभिजित: मोजलं. १, २, ३, ५ ला खटका बसतो. ४ आणि ६ ला नाही, बोटाने किंचित ढकलावं लागतं. फट मागे दाबून तीन थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. पुढे दाबून दोन थाऊची पातही जेमतेम जाते.

नाना: फार कमी. पाच-सहा थाऊ असती तर बरं. तापल्यावर अडकणारच. आणि सगळी घरं मागे राहिली असती तर मी म्हटलं असतं, सिलिंडर ढकलणारा हँड आखूड. दोनच राहतात म्हणजे सिलिंडरच्या मागच्या चांदणीचे, हँड ज्यांना ढकलतो ते, दोन दात जास्त कापले गेलेत. हे घरचं काम नाही.

अभिजित: ऑफिसातला एकजण म्हणाला, कशाला भानगडीत पडतोस, गन शोमध्ये नेऊन विकून टाक.

नाना: आणि घेणाऱ्याच्या पोराच्या डोळ्यात कपची गेली तर?

अभिजित: नाना, मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. फक्त तुम्हाला सांगितलं.

मंजूआत्या: शहाणा माझा बाळ.

अभिजित: कंपनीशी बोलणं झालं. लेबल ते पाठवणार, खर्च त्यांचा. एरवी माझ्यासारख्याला हे पाठवणं अवघड आहे. हँडगन पोस्टाने नको म्हणून १९२७ साली कायदा झाला, आणि खासगी कुरियर आता परवानाधारकांशी करार असल्याशिवाय घेत नाहीत. कंपनीच्या लेबलवर मात्र घेतात. बनवणाऱ्याकडे दुरुस्तीला थेट पाठवायला आणि त्यांनी थेट माझ्या घरी परत पाठवायला केंद्राच्या कायद्याची आडकाठी नाही, मध्ये दुकानदार लागत नाही.

नाना: ती तीन काडतुसं सोबत घाल. खूण प्रत्यक्ष बघितली की वाद राहत नाही.

अभिजित: ते नाही चालणार नाना. बंदुकीच्या खोक्यात काडतूस अजिबात ठेवायचं नाही, त्यांनी दोनदा बजावलं. फोटो छापून घालतो.

नाना: बरोबर आहे. मग आकडे घातलेले फोटो घाल. सिरियल नंबरचाही एक स्वतःकडे ठेव. कव्हर, स्पीडलोडर काही पाठवू नकोस, परत येईलच असं नाही.

शरदकाका: आणि खोक्यावर ‘रिव्हॉल्व्हर’ असं लिहायचं?

अभिजित: उलट काका, बाहेर तसं काही लिहायचं नाही. कुरियरवाल्याने बाहेर तसं लेबल लावायला भाग पाडू नये असं इथल्या कायद्यातच आहे. चोरी होते वाटेत.

सुनीता (ऑस्टिन): नाना, पत्राचा मसुदा मी वाचला. दीड पान झालंय. मित्राच्या गालाचं त्याने शेवटी लिहिलं होतं, मी ते पहिल्या ओळीत घेतलं.

नाना: उत्तम केलंस, सुनीता. इजा पहिली, बाकीचं मागून.

— चार आठवड्यांनंतर —

सुनीता: पार्सल आलं. मोठ्या माणसाची सही लागते म्हणून मी आज घरून काम केलं. मीरा शाळेत होती तेव्हाच उघडून तिजोरीत ठेवलं.

अभिजित: सोबत चिठ्ठी आहे. चांदणी बदलली, टायमिंग जुळवलं, फट वाढवली, बारा राउंड झाडून तपासलं. एक रुपया लागला नाही. मशीनबद्दल मात्र काही लिहिलेलं नाही.

नाना: फोन करून विचार. काम झालं म्हणून सोडू नकोस. आणि त्यांच्या चिठ्ठीवर विसंबू नकोस. परत मोज, सगळी सहा घरं.

अभिजित: मोजली. सहाही घरांत खटका आधी बसतो. फट पाच थाऊ, पुढे दाबून आणि मागे दाबून तीच. उद्या सकाळी फोन करतो त्यांना, आणि शनिवारी रेंज.

नाना: शनिवारी सिलिंडर पूर्ण भरू नकोस. ४ नंबरच्या घरात एकच काडतूस घाल, झाड, कॅप बघ. मग ६ मध्ये एक. दोन्ही खुणा मधोमध आल्या तरच पुढचं. आणि फोटो इथे टाक, मी जागा असेन.